साठ पत्ते, सात पाने आणि पिसण्याचे गणित

पत्ते म्हणजे नशीब आणि नशिबाचा अभ्यास होत नसतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. कोल्हापुरात अकरावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने पोकेमॉन पत्त्यांच्या खेळात स्पर्धक खेळाडू कसे व्हावे, हा विषय विज्ञान प्रदर्शनात मांडला, तेव्हा एका परीक्षकांनी ‘यात विज्ञान कुठे आहे?’ असे विचारले आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. प्रश्न रास्त होता. उत्तर ऐकायला थांबायला हवे होते, एवढेच.

प्रकल्पाचा गाभा म्हणजे एक दोनशेपानी वही. राजारामपुरीतल्या मित्रांबरोबर खेळलेल्या प्रत्येक डावासाठी तिच्यात एक ओळ आहे: समोरच्याचा डेक (खेळायला बांधलेला पत्त्यांचा संच) कोणता, पहिली चाल कोणाची, सुरुवातीला हातात कोणती पाने आली, निकाल काय आणि हरल्यास कारण काय. या शेवटच्या रकान्यात ‘पाने लागली नाहीत’ हे तीन शब्द इतक्यांदा आले आहेत की पुढेपुढे त्याने खाली नुसत्या दोन रेघा मारल्या आहेत. प्रकल्पाचा खरा विषय मला तिथे दिसला.

पोकेमॉनच्या डेकमध्ये बरोबर 60 पत्ते असतात आणि मूलभूत एनर्जीचे (पोकेमॉनला हल्ल्यासाठी बळ देणारे) पत्ते सोडले, तर एकाच नावाचे चारपेक्षा अधिक पत्ते ठेवता येत नाहीत. सुरुवातीला सात पाने घ्यायची. त्यांत किमान एक ‘बेसिक’, म्हणजे थेट हातातून मांडता येणारा, पोकेमॉन नसेल, तर हात उघडा दाखवून, पुन्हा पिसून नवी सात पाने घ्यावी लागतात आणि प्रतिस्पर्ध्याला एक जादा पान घेण्याची मुभा मिळते. डेकमध्ये बेसिक पोकेमॉन आठच असतील, तर पहिला हात असा फुकट जाण्याची शक्यता 34.6 टक्के असते. बारा असतील तर 19.1 टक्के आणि सोळा असतील तर 9.9 टक्के. चार प्रती ठेवलेले एखादे लाडके पान पहिल्या सात पानांत येण्याची शक्यताही जेमतेम 40 टक्के, म्हणजे पाचांपैकी तीन डावांत ते येणार नाही, हे डेक बांधतानाच ठरलेले असते. हे आकडे काढायला परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा पुरतो.

मात्र हा सगळा हिशेब डेक खरोखर पिसलेला आहे, असे गृहीत धरतो. डाव संपल्यावर टेबलावरचे पत्ते गठ्ठ्यागठ्ठ्यानेच उचलले जातात. एकाच पोकेमॉनला लावलेल्या तीन-चार एनर्जी एकमेकींना चिकटूनच डेकमध्ये परततात. त्या सुट्या व्हायला किती वेळा पिसावे लागते, याचे उत्तर गणितात आहे, आणि ते इतके देखणे आहे की त्यासाठी थोडे थांबायला हरकत नाही.

डेकचे साधारण निम्मे दोन भाग करून ते एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीचे गणिती प्रारूप बेल प्रयोगशाळेतील एडगर गिल्बर्ट आणि क्लॉड शॅनन यांनी 1955 मध्ये मांडले. समजा, पत्त्यांवर वरून खाली 1 ते 60 असे आकडे आहेत. डेक 28 व्या पत्त्यानंतर तोडला आणि दोन्ही भाग एकमेकांत मिसळले. आता वरून खाली जात 1, 2, 3 असे शोधत निघालो, तर मागे न फिरता 28 पर्यंत पोहोचता येते. 29 साठी मात्र बहुधा पुन्हा वर यावे लागते. वरून खाली एका दमात सापडणाऱ्या अशा लागोपाठच्या आकड्यांना चढती साखळी म्हणू. म्हणजे एकदा पिसल्यावर डेकमध्ये जास्तीत जास्त दोन चढत्या साखळ्या असतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक साखळी फार तर दोन ठिकाणी विभागली जाते, म्हणून चार. मग आठ, सोळा, बत्तीस. पूर्णपणे यादृच्छिक असलेल्या 60 पत्त्यांत अशा साखळ्या सरासरी 30.5 असतात. चार वेळा पिसलेल्या डेकमध्ये त्या सोळाच्या वर जाऊच शकत नाहीत, तेव्हा तो डेक पिसलेला दिसतो, पण जुना क्रम त्याच्या पोटात शाबूत असतो. पाच फेऱ्यांनंतरही 60 पत्त्यांचा पूर्ण उलटा क्रम लागणे अशक्य आहे, कारण त्यासाठी 60 साखळ्या हव्यात आणि मर्यादा 32 ची आहे.

डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये नेहमीच्या 52 पत्त्यांसाठी हा हिशेब तडीस नेला. ‘सात वेळा पिसले की पुरे’ हे वाक्य तेव्हापासून फिरते आहे, पण ते अर्धेच खरे आहे. आदर्श यादृच्छिकतेपासूनचे अंतर 0 ते 1 या मापावर मोजले, तर पाच फेऱ्यांनंतर ते 0.92 असते, सातनंतर 0.33, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत साधारण निम्मे होत जाते. आठ-नऊ फेऱ्या केलेल्या बऱ्या. स्लीव्ह (प्लास्टिकचे पातळ कव्हर) घातलेले पत्ते वाकवता येत नाहीत, म्हणून खेळाडू दोन भाग कडेने एकमेकांत ढकलतात, तत्त्व तेच. सहा गड्ड्यांत एकेक पान टाकत जाण्याने मात्र काहीच पिसले जात नाही. प्रत्येक पान कुठे जाणार हे आधीच ठरलेले असते आणि चिकटलेल्या एनर्जी समान अंतरावर जाऊन बसतात. खऱ्या यादृच्छिक डेकमध्ये एकाच जातीची दोन-तीन पाने अधूनमधून लागोपाठ येतातच. ती न येणे हेच संशयास्पद. गणपतीच्या जागरणाला पाने फिरावीत म्हणून जागा बदलून बसणाऱ्यांनी तेवढाच वेळ आणखी दोनदा पिसण्यात घालवला, तर निदान डेकचे भले होईल.

आता त्या वहीच्या निकालाच्या रकान्याकडे येऊ. खेळाडू वीस डावांपैकी बारा जिंकला की त्याला आपण सुधारलो असे वाटते. परंतु नाणे उडवून निकाल लावला, तरी वीसपैकी बारा किंवा अधिक विजय चारातून एकदा मिळतात. खासबागेतल्या एका कुस्तीवरून मल्लाचा कस ठरत नाही, तसेच हे आहे. 55 टक्के जिंकणारा खेळाडू 50 टक्केवाल्यापेक्षा सरस आहे, असे थोड्याफार खात्रीने म्हणायला सुमारे 400 डाव लागतात, कारण तेवढ्या डावांत अपेक्षित फरक 20 विजयांचा असतो आणि निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार 10 च्या आसपास. तीनपैकी दोन डाव जिंकण्याच्या सामन्यात त्याच खेळाडूचे 55 टक्के 57.5 होतात, हा त्याला मिळणारा छोटा दिलासा. त्या चारशे ओळींत डेक मध्येच बदलला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. म्हणून डेक बदलल्याची तारीख लिहिण्यासाठी वहीत आणखी एक रकाना हवा आहे.