जुनी तबकडी स्पिरिटने पुसू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत माळा आवरताना ग्रामोफोनच्या तबकड्या निघतात. नाट्यगीतं, भजनं, कन्नड भावगीतं, सगळं एकाच पेटीत. मग कुणीतरी हमखास सांगतं, "स्पिरिटने पुसा, नव्यासारखी होईल." वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला घातक आहे.

मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी प्लॅस्टिकची नसते. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ती घडवलेली असते. सुतार पॉलिशसाठी चपडी, म्हणजे लाखच, कशात विरघळवतो? स्पिरिटातच. तबकडीतही तीच लाख आहे. बोळा फिरवला की कापूस काळा होतो आणि लोकांना वाटतं, मळ निघाला. खरं तर खाचांच्या कडा विरघळलेल्या असतात, म्हणजे गाणंच पुसलं जातं. सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचं लहानपणीचं गाणं अशाच लाखेवर उतरलं आहे, म्हणून जीव तुटतो.

गैरसमज पसरला तो 1948 पासून आलेल्या एलपीमुळे, म्हणजे व्हिनाइल या प्लॅस्टिकच्या लाँग प्ले तबकडीमुळे. तिला पातळ केलेलं स्पिरिट सहसा बाधत नाही. दोन्हींतला फरक हाताला कळतो: लाखेची तबकडी जड आणि ताठ, पडली की तुकडे, एलपी किंचित लवते.

लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा थेंब पुरे. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवा, मधलं लेबल भिजू देऊ नका, सावलीत उभी वाळवा. आणि वाजवताना एलपीची सुई लावू नका. 78च्या खाचा बऱ्याच रुंद असतात, तिथे ती बारीक सुई तळाशी घासते आणि चांगली तबकडीसुद्धा खरखरते.