नॉर्मन अ‍ॅक्रॉइड यांची सागरी मुद्राचित्रे

ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवरची बेटे, कडे आणि भर समुद्रातून सुळक्यासारखे वर आलेले खडक हा इंग्लिश मुद्राचित्रकार (पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर छापणारे चित्रकार) नॉर्मन अ‍ॅक्रॉइड (१९३८–२०२४) यांच्या कामाचा मुख्य विषय. त्यांचा जन्म लीड्समध्ये एका खाटकाच्या घरी झाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये (१९६१–६४) ते मुद्राचित्रकार ज्युलियन ट्रेव्हेल्यन यांच्याकडे शिकले. १९९१ मध्ये ते रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेचे पूर्ण सदस्य झाले.

त्यांच्या चित्राची सुरुवात बोटीत होई. शेटलंड, स्केलिग, सेंट किल्डा अशा ठिकाणी लहान बोटीने जायचे आणि ती हेलकावे खात असतानाच जलरंगात भराभर टिपणे करायची. सेंट किल्डा हा स्कॉटलंडच्या पश्चिमेचा द्वीपसमूह. तिथले शेवटचे ३६ रहिवासी १९३० मध्ये मुख्य भूमीवर हलवले गेले. तिथला स्टॅक अन आर्मिन हा सुळका १९६ मीटर उंच आहे. उभे राहायला जमीन नाही, खडक क्षणभर दिसतो आणि धुक्यात जातो. अशा जागी बारकावे टिपत बसता येत नाही. त्यांच्या चित्रांतला जिवंतपणा मला या घाईतून आलेला वाटतो.

पुढचे काम लंडनच्या बर्मंडसी भागातल्या जुन्या गोदामात, तांब्याच्या पत्र्यावर चाले. अम्लरेखन (एचिंग) म्हणजे आम्लाने धातूवर चित्र कोरणे; त्याच्या अ‍ॅक्वाटिंट या प्रकारात पत्र्यावर राळेची बारीक पूड बसू देतात आणि खालून ऊब देऊन ती चिकटवतात. मग आम्ल त्या कणांमधल्या फटींतून तांबे खाते. जितका वेळ जास्त, तितका खळगा खोल आणि छपाईत काळा रंग गडद. जो भाग पांढरा ठेवायचा, त्यावर आधीच व्हार्निश लावतात. शिवाय सगळे चित्र उलटे उमटते: डावीकडचा कडा पत्र्यावर उजवीकडे काढावा लागतो.

अ‍ॅक्रॉइड यांनी या तंत्राकडून जे करवून घेतले त्याला तोड नाही. रेषेचा आधार कमी, छटांचा जास्त. ब्रशने पत्र्यावर सोडलेले आम्ल पाण्यासारखे पसरते, कडेला विरळ होते, आणि तिथेच पावसाची सर तयार होते. शाई भरून जाळीदार कापडाने पत्रा पुसायचा, ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागद उचलला की काळ्या कड्याच्या पायथ्याशी फेस आणि माथ्याभोवती ठिपक्यांएवढे समुद्रपक्षी दिसतात. रंग बहुधा एकच, काळा. तरीही हवा ओली आहे आणि वारा कुठून येतोय हे कळते. धुके म्हणून जे दिसते, ते बरेचदा आम्लाने जेमतेम स्पर्श केलेले तांबे असते.

त्यांची मुद्राचित्रे लंडनच्या टेट व ब्रिटिश म्यूझियम आणि न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहांत आहेत.