तीन वर्षांची एलएलबी: सीईटीच्या आधी फाइल उघडा

पदवी झाली, आता वकिली शिकायची असं ठरलं की बहुतेक जण थेट सीईटीच्या पुस्तकांना हात घालतात. माझा आग्रह आहे, आधी कपाटातली फाइल काढा. महाराष्ट्रातली तीन वर्षांच्या एलएलबीची जागा अनेकदा पेपरमुळे नाही, एका कागदापायी जाते.

पात्रतेचं थोडक्यात: पदवी कोणत्याही शाखेची चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते, पण तिच्याआधी दहावी-बारावी झालेली हवी. शेवटच्या वर्षाला असलात तरी सीईटी देता येते. पेपर मराठीतूनही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका.

आता खरी मेख. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला असं नव्हे. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते आणि कागदपत्रं तिथे तपासली जातात. दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, डोमिसाईल. आरक्षण घेणार असाल तर जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र. नॉन-क्रिमीलेयर लागत असेल तर त्याची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, तेही पाहा. पडताळणीला वेळ लागतो. ती परीक्षेच्या आधीच सुरू करा, निकालाची वाट पाहू नका.

लग्नानंतर शिकायला येणाऱ्या ताईंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे मी कितीदा पाहिलंय. अर्ज गुणपत्रिकेवरच्या नावानेच भरा आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडीला ठेवा.

प्रवेश मिळाल्यावर काय? सहा सेमिस्टर. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, आणि नोकरी करणाऱ्यांची सगळ्यात जास्त ओढाताण इथेच होते. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, मिळत नाही, कुणी कितीही खात्री दिली तरी. तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवडे इंटर्नशिप करायची असते. मूट कोर्टात, म्हणजे सरावासाठीच्या खोट्या न्यायालयात, उभं राहून बोलायचं असतं. पहिल्यांदा पाय लटपटतात, ते सगळ्यांचेच. पुस्तकं जुन्या बाजारातून घेताना जपून: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदललेत.

फाइल मात्र कपाटात परत टाकून विसरू नका. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनदेचा अर्ज करताना त्याच गुणपत्रिका पुन्हा काढाव्या लागतात. तिथल्या नोंदणी शुल्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. एससी-एसटींसाठी ती रक्कम १२५ रुपये आहे.