सातेरीची पेटी वाढवताना: चौकट कधी, मधकोठी कधी, विभाजन कधी

परसातली मधमाश्यांची पेटी भरू लागली की पहिला प्रश्न पडतो, वरची मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) आता चढवायची का? याचं उत्तर तारखेत शोधू नका, माश्या ज्यांत पोळं बांधतात त्या लाकडी चौकटींवर बघा. सातेरीला, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी मधमाशीला, रिकामी जागा मानवत नाही. माश्या थोड्या आणि पोळी जास्त झाली की राखण होत नाही, मेणकिडा (पोळं खाणारी अळी) शिरतो, पिलावा (पोळ्यातली अंडी-अळ्या) गारठतो आणि सगळी वसाहतच पेटी सोडून जाते. उलट जागा द्यायला उशीर झाला, तर जुनी राणी बऱ्याचशा माश्या घेऊन थव्याने निघून जाते.

आधी खालची कोठी

आमच्या पेटीत खाली आठ चौकटी बसतात. असलेल्या सगळ्या पोळ्यांच्या दोन्ही बाजू माश्यांनी झाकल्या की एक नवी चौकट द्या. एका वेळी एकच. ती पिलाव्याला लागून, कडेच्या मध-परागाच्या पोळ्याच्या आतल्या बाजूला बसवा. पिलाव्याच्या मधोमध घातलीत तर ऊब दुभंगते.

मेणपत्रा (चौकटीत बसवायचा, घरांचे ठसे असलेला मेणाचा पातळ पत्रा) सातेरीचाच घ्या. मेलिफेरा या मोठ्या विदेशी मधमाशीच्या पत्र्यावरचं घर मोठं असतं, सातेरीच्या नराच्या मापाचं. कामकरी माश्यांचं पोळं त्यावर नीट बांधलं जात नाही. चौकटींचे खांदे एकमेकांना टेकलेले हवेत, नाहीतर माश्या आडवं पोळं बांधतात आणि पुढच्या तपासणीत ते फाटतं. सातेरी राळ लावून चौकटी चिकटवत नाही, त्यामुळे पेटी हलवली की त्या सरकतात. हलवल्यानंतर एकदा उघडून बघा.

मधकोठी

खालच्या सात चौकटी गच्च, चौकटींच्या वरच्या पट्ट्यांच्या कडेला पांढरं ताजं मेण आणि आसपास फुलोरा, हे तिन्ही जुळलं की चढवा. आपल्याकडे जांभूळ फुलतो ते मार्च-एप्रिलचे दिवस यासाठी चांगले. भोवती नुसता ऊस असेल तर घाई नको. उसाच्या तुऱ्यात मकरंद नसतो. शेवगा, नारळ, सूर्यफूल किती आहे ते मोजा. मध काढताना चौकटीवरची किमान तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झालेली असावीत. उघडा मध पातळ असतो आणि आंबतो.

थवा निघण्याआधी

नरांची बंद घरं दिसू लागली (त्यांच्या टोपीला मधोमध बारीक छिद्र असतं) की सावध व्हा. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबणारी राणीघरं (नवी राणी वाढते ती घरं) येतात. अंड्यापासून राणी बाहेर पडायला साधारण 16 दिवस लागतात, पण घर आठव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं आणि थवा बहुधा तेव्हाच निघतो. म्हणून या दिवसांत दर 7 दिवसांनी तपासणी करा.

राणीघरं नुसती तोडत राहू नका. दाटी तशीच असेल तर माश्या नवी बांधतात. त्यापेक्षा विभाजन करा. बंद राणीघर असलेलं पोळं, पिलाव्याची दोन पोळी आणि मध-परागाचं एक, माश्यांसह नव्या पेटीत ठेवा. जुनी राणी जुन्या पेटीतच राहिली याची डोळ्यांनी खात्री करा. नव्या पेटीत एकच चांगलं राणीघर ठेवा, जुन्यातली सगळी काढा. जुनी पेटी हातभर डावीकडे सरकवा, नवी तेवढीच उजवीकडे ठेवा, म्हणजे शेतातून परतणाऱ्या माश्या दोन्हींत वाटल्या जातात. एकीकडे गर्दी झाली तर ती पेटी थोडी लांब सरकवा. नवी पेटी दोन आठवडे उघडू नका. राणी मिलनासाठी बाहेर पडते तेव्हा गडबड झाली तर ती हरवू शकते. त्यानंतर अंडी शोधा.

पाक

नव्या पेटीला संध्याकाळी साखरेचा पाक द्या: 1 किलो साखर, 1 लिटर पाणी, कोमट करून विरघळवलेली. एका वेळी 200 मिली पुरे. दिवसा दिलात किंवा बाहेर सांडलात तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. घरात गूळ असतो म्हणून गुळाचं पाणी मात्र कधीच नको. माश्यांना हगवण लागते. पेटी ठेवायच्या घोडीच्या (स्टँडच्या) चारही पायांखालच्या वाट्यांत पाणी असू द्या, मुंग्या चढत नाहीत.

मे संपता संपता मधकोठी उतरवा. काळी, जुनी पोळी काढून टाका आणि माश्यांनी झाकलेल्या चौकटीच तेवढ्या ठेवा. पावसाळ्यात हीच वसाहत लहान होते. उन्हाळ्यात दिलेली जागा तेव्हा परत घ्यावी लागते.