नसलेल्या केबलची दोन टोकं

एकाच संगणकावर दोन वेब सर्व्हर चालवायचे आहेत आणि दोघांनाही ८० नंबरचाच पोर्ट, म्हणजे संगणकावरचं क्रमांकाचं दार, हवा आहे. एरवी जो आधी येईल त्याला तो मिळतो, दुसऱ्याला एरर. लिनक्समध्ये दोघांना वेगवेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये ठेवता येतं. तिला आपण सोयीसाठी खोली म्हणू. प्रत्येक खोलीचे आयपी पत्ते, राउटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं याची यादी), फायरवॉलचे नियम आणि पोर्ट वेगळे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मात्र सगळ्यांचा एकच, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनसारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बूट करत बसावं लागत नाही.

नवी खोली किती एकटी असते? आत शिरून १२७.०.०.१ ला पिंग करून बघा. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. तरी उत्तर येतं, नेटवर्क पोहोचण्यापलीकडे आहे! कारण आत लूपबॅक हा, स्वतःशीच बोलायचा, एकच इंटरफेस (नेटवर्कशी जोडणारा बिंदू) असतो आणि तोही बंद. स्वतःशी बोलायचीसुद्धा आधी सोय करावी लागते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काहीतरी बिघडलंय असं वाटलं होतं. आता वाटतं, हेच बरोबर आहे. आधी सगळी दारं बंद, मग हवं तेवढंच उघडायचं.

दार उघडायला वेथ, म्हणजे आभासी इथरनेटची जोडी, लागतो. २००८च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ कर्नलपासून तो लिनक्समध्ये आहे. वेथ नेहमी जोडीनंच जन्मतो: एक टोक या खोलीत ठेवायचं, दुसरं त्या खोलीत सरकवायचं. मधे केबल नाहीच. एका टोकातून पाठवलेलं पॅकेट कर्नल दुसऱ्या टोकाच्या ‘आलेलं’ रांगेत लावतो, एवढंच. गंमत म्हणजे वेग विचारला तर वेथ १० गिगाबिट सांगतो. तो आकडा ड्रायव्हरमध्ये नुसता लिहून ठेवलेला आहे. खरा वेग प्रोसेसर आणि मेमरी ठरवतात. बाकी सोंग मात्र चोख. दोन्ही टोकांना नेटवर्क कार्डासारखे मॅक पत्ते असतात, ‘हा आयपी कोणाचा?’ अशी एआरपीची विचारपूसही होते. एक टोक बंद केलं की दुसरं केबल उपसल्यासारखं वागतं, आणि एक पुसलं की दोन्ही जातात.

दोनच खोल्या असतील तर एक जोडी पुरते. दहा खोल्या एकमेकींना थेट जोडायच्या तर पंचेचाळीस जोड्या लागतील. म्हणून मधे ब्रिज ठेवतात. ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच. कोणता मॅक पत्ता कुठल्या टोकाकडे आहे हे तो येणाऱ्या पॅकेटांवरून शिकतो. मग प्रत्येक जोडीचं एक टोक खोलीत, दुसरं ब्रिजमध्ये, अशा दहा जोड्यांत काम भागतं. प्रोग्रामना अशा खोल्यांत चालवणारा डॉकर नेमकं हेच करतो. लिनक्सवर त्याच्या ब्रिजचा पत्ता सहसा १७२.१७.०.१ असतो.

खोल्या एकमेकींशी बोलतात पण बाहेर इंटरनेटवर जाता येत नाही, ही नेहमीची रड. तेव्हा तीन गोष्टी तपासायच्या: खोलीत डिफॉल्ट रूट (बाकी सगळं कुणाकडे पाठवायचं ती वाट) आहे का, यजमान संगणकावर, म्हणजे ज्यावर या खोल्या आहेत त्यावर, आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेटं पुढे पाठवणं) चालू आहे का, आणि बाहेर पडताना खोलीचा खासगी पत्ता बदलणारा नॅटचा नियम आहे का. माझ्याकडून बहुतेकदा पहिलीच राहून जाते.

आणि यजमानावर वेथची वीसेक टोकं दिसत असतील, त्यातलं कोणतं कुठल्या खोलीचं कळत नसेल, तर खोलीतल्या इंटरफेसच्या नावापुढे बघा. तिथे ‘ॲट’च्या चिन्हानंतर ‘इफ’ आणि एक आकडा असतो. यजमानाच्या यादीत त्याच क्रमांकाचा इंटरफेस म्हणजे दुसरं टोक.