घरी ख्रिसमस ट्री सजवणे

नाताळात घरात उभं केलेलं सूचिपर्णी झाड, खरं असो की प्लास्टिकचं, लाइटच्या माळा, रंगीत गोळे, चमकी आणि टोकावर तारा लावून सजवायची पद्धत. नाताळवृक्ष असा शब्द मराठीत आहे पण बोलताना सगळे ट्रीच म्हणतात. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की गोळे टांगले की झालं, पण झाड भरलेलं दिसणार की केविलवाणं हे पहिला गोळा हातात घ्यायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं.

पद्धत मूळची जर्मन भाषिक प्रदेशातली. २४ डिसेंबर हा तिथे आदाम-हव्वेचा दिवस, त्या निमित्ताने मध्ययुगात एदेन बागेचं नाटक व्हायचं आणि त्यात सफरचंदं लटकवलेलं झाड असायचं, आजचे लाल गोळे त्या सफरचंदांचेच वारसदार असं मानतात. स्ट्रासबुर्ग (आज फ्रान्समध्ये असलेलं शहर) इथली १६०५ ची एक नोंद आहे, तिच्यात लोक घरात झाड उभं करून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदं आणि मिठाया टांगतात असं वर्णन आहे. काचेचे पोकळ गोळे मात्र १९व्या शतकातले, जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या लाउशा नावाच्या काच फुंकणाऱ्यांच्या गावातून ते जगभर गेले. इंग्लंडमध्ये ही फॅशन खरी पसरली ती १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचं ट्रीभोवतीचं चित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. त्या काळी झाडावर चक्क पेटत्या मेणबत्त्या लावायचे, म्हणजे वाळक्या झाडावर उघडी ज्योत, बाजूला पाण्याची बादली ठेवून! १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने लाल, पांढऱ्या, निळ्या ८० विजेच्या दिव्यांनी झाड सजवलं आणि तिथून हळूहळू मेणबत्त्या मागे पडल्या.

प्लास्टिकचं झाड खोक्यातून काढलं की छत्री मिटल्यासारखं दिसतं, आणि नवीन माणूस इथेच घाई करतो. फांद्या उघडणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. खालच्या थरापासून सुरू करायचं, प्रत्येक फांदी आधी खोडाजवळून धरायची आणि आतून बाहेर येत तिच्यावरची एकेक डहाळी वळवायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, पंजा पसरल्यासारखी. आत तार असते त्यामुळे वळवली की तशीच राहते, पण बोटं सोलवटतात म्हणून हातमोजे घालावेत. सहा फुटी झाडाला नीट केलं तर तास सहज जातो. मधला लोखंडी दांडा समोरून ठळक दिसत असेल तर काम अजून संपलेलं नाही असं समजायचं.

नंतर लाइट, आणि लाइट नेहमी गोळ्यांच्या आधी. माळ झाडावर चढवण्यापूर्वी जमिनीवर पसरून प्लग लावून बघायची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी राहून जातं, मी एकदा पूर्ण झाड गुंडाळून झाल्यावर बघितलं तर मधला पट्टा बंद, सगळं परत उतरवावं लागलं. पिनेचं टोक खाली, सॉकेटच्या बाजूला ठेवून वर चढत जायचं. बहुतेक जण माळ झाडाच्या बाहेरून नुसती गुंडाळतात, तसं केलं की झाड दोरीने बांधल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा माळ फांदीवरून आत खोडापर्यंत न्यायची, परत टोकाकडे आणायची, मग पुढची फांदी, म्हणजे उजेड आतून येतो आणि झाडाला खोली येते. भरगच्च हवं असेल तर उंचीच्या एका फुटाला साधारण १०० दिवे असा हिशोब सांगतात, निम्म्यातही काम भागतं. पिवळसर पांढरा आणि निळसर पांढरा असे दोन पांढरे मात्र एका झाडावर नकोत. झालं की खोलीतला दिवा घालवून चार पावलं मागे जायचं आणि डोळे बारीक करून बघायचं, काळे खड्डे लगेच दिसतात.

गोळ्यांचं गणित सोपं आहे. मोठे गोळे आत, खोडाच्या जवळ, तिथे ते दिव्यांचा उजेड परत फेकतात आणि मोकळी जागाही भरते, मधले मध्ये आणि छोटे टोकांना. जड वस्तू टोकाला लावली की फांदी वाकते. दोन-तीन रंगांत राहिलं तर नवशिक्याचं झाडही बरं दिसतं, पण लहान मुलांनी केलेला वाकडातिकडा कागदी तारा रंगात बसत नाही म्हणून मागे लपवणं हे माझ्या मते चूक आहे. गोळा टांगायच्या तारेच्या आकड्याचं तोंड फांदीवर चिमटीने दाबून बंद करायचं, नाहीतर धक्का लागला की गोळा खाली.

घरात मांजर असेल तर काच वरच्या अर्ध्यात, खाली न फुटणारं, आणि चमकीच्या झिरमिळ्या अजिबात नकोत, मांजर त्या गिळतं आणि आतड्यात अडकल्या तर जिवावर बेतू शकतं. पूर्वी या झिरमिळ्या शिशाच्याही असायच्या, विषबाधेच्या भीतीने अमेरिकेत त्या १९७० च्या दशकात बंद पडल्या.

टोकावर तारा, बेथलेहेमच्या ताऱ्याची खूण, किंवा देवदूत. एकट्या शेंड्याला वजन पेलत नाही, वरच्या दोन-तीन डहाळ्या एकत्र बांधल्या की तारा सरळ उभा राहतो.

खरं झाड आणलं तर बुंध्याची दोनेक सेंटीमीटरची चकती कापून लगेच पाण्याच्या स्टँडमध्ये ठेवायचं, कारण कापलेल्या जागी चीक सुकून पाणी चढणं बंद होतं. पहिल्या दिवशी ते काही लिटर पाणी पिऊ शकतं, नंतर रोज बघावं लागतं. फर आणि स्प्रूस या झाडांच्या दोन जाती, त्यात फरची पानं जास्त टिकतात, स्प्रूस लवकर गळतो. हीटरपासून लांब ठेवायचं आणि झोपताना लाइट बंद, सुकलेलं झाड पेट घ्यायला वेळ लावत नाही.

ट्री उतरवायचा रूढ दिवस ६ जानेवारी, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण, काही ठिकाणी आदल्या संध्याकाळीच उतरवतात. उतरवताना क्रम उलटा, आधी गोळे, शेवटी लाइट. माळ पुठ्ठ्याला गुंडाळायची आणि पिनेचं टोक बाहेर ठेवायचं, म्हणजे पुढच्या डिसेंबरात न सोडवताच पेटते का बघता येतं.