अर्धस्वयंचलित वेल्डिंगमधला माणसाचा वाटा

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये अर्धस्वयंचलित वेल्डिंगच्या यंत्राला त्याच्या शास्त्रीय नावाने ओळखणारे फारसे कोणी भेटत नाही. तेथे त्याचे नाव ‘सीओटू’. ‘हा जॉब रॉडवर नको, सीओटूवर घे’ एवढे म्हटले की काम करणाऱ्याला सगळे कळते. पुस्तकात याच पद्धतीला गॅस मेटल आर्क वेल्डिंग म्हणतात. त्यातही वितळत्या धातूभोवतीच्या कवचासाठी आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू वापरला तर मिग आणि कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचे मिश्रण वापरले तर मॅग असा भेद करतात. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील बॅटेल संस्थेत ही पद्धत विकसित झाली. पुढे १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी महागड्या आर्गॉनच्या जागी कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि ती साध्या पोलादाच्या कामालाही परवडू लागली. आपल्याकडच्या शेडमधले नाव या स्वस्त वायूवरून पडले आहे.

या यंत्राला अर्धस्वयंचलित का म्हणतात, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे धोके नीट कळत नाहीत. रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉड जळून आखूड होत जातो आणि त्याचे टोक व जॉब (जोडायचा धातू) यांतील काही मिलिमीटरचे अंतर वेल्डरला हाताने राखावे लागते. हात स्थिर होण्यात शिकाऊ मुलाचे कित्येक महिने जातात. सीओटूचे यंत्र विद्युतदाब जवळजवळ स्थिर ठेवते आणि त्याची मोटर मिनिटाला साधारण ३ ते १२ मीटर या वेगाने तार पुढे ढकलत राहते. हात जरा खाली आला की आर्क, म्हणजे तारेचे टोक आणि जॉब यांमधली विजेची ज्योत, आखूड होतो, आखूड आर्कमधून जास्त प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाने तार अधिक वेगाने वितळते आणि आर्क पुन्हा आपल्या मूळ लांबीवर येतो. हात वर गेला तर नेमके उलट घडते. ही दुरुस्ती कोणत्याही सेन्सरशिवाय, केवळ विद्युतप्रवाहाच्या स्वभावामुळे आणि डोळ्याला कळणारही नाही इतक्या लवकर होते. या रचनेचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. टॉर्च, म्हणजे तार आणि वायू सोडणारी हातातली दांडी, किती वेगाने आणि कोणत्या कोनात न्यायची, हा उरलेला अर्धा वाटा माणसाचा. डोळे, त्वचा आणि श्वास सांभाळण्याचे कामही त्याच वाट्यात येते. त्यात यंत्र काहीच मदत करत नाही.

उलट, एका बाबतीत ते अडचण वाढवते. रॉड दीड-एक मिनिटात संपतो. वेल्डर थांबतो, हेल्मेट वर करतो, थोटूक टाकून देतो, नवा रॉड लावतो, खपली ठोकून काढतो. या सक्तीच्या विश्रांतीत धूर विरतो आणि मानही मोकळी होते. आता सीओटूच्या तारेचा हिशोब पाहा. १.२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेचा १५ किलोचा स्पूल उलगडला, तर तार जवळपास १,७०० मीटर भरते. मिनिटाला ८ मीटर तार जात असेल, तर हा स्पूल सलग साडेतीन तास पुरेल. प्रत्यक्षात कोणी साडेतीन तास टॉर्चचा ट्रिगर दाबून बसत नाही, परंतु थांबण्याचे कारण आता यंत्राकडून येत नाही, हे खरे. उत्पादन त्यामुळेच वाढते आणि त्याच प्रमाणात वेल्डरला मिळणारा प्रकाश, धूर आणि उष्णताही वाढते.

विजेच्या धक्क्याच्या बाबतीत मात्र हे यंत्र रॉडच्या यंत्रापेक्षा सौम्य आहे. रॉडच्या होल्डरवर काम चालू नसतानाही ६० ते ८० व्होल्टचा दाब उभा असतो. सीओटूच्या टॉर्चमध्ये तो सहसा त्याहून कमी असतो आणि ट्रिगर दाबल्यावरच येतो. पण ट्रिगर दाबला की केवळ तारेचे टोक नव्हे, तर कॉन्टॅक्ट टिपपासून (तारेला वीज देणारे टॉर्चचे तोंड) मागे लायनरमधून (तार जाते ती आतली नळी) थेट फीडरच्या (तार ढकलणाऱ्या भागाच्या) रोलरपर्यंत आणि स्पूलवरच्या संपूर्ण तारेपर्यंत सगळे विद्युतभारित होते, हे अनेक अनुभवी कारागिरांनाही ठाऊक नसते. एक जण ट्रिगर दाबून तार पुढे काढत असताना दुसऱ्याने फीडरचे झाकण उघडून रोलरला हात लावणे या कारणाने धोक्याचे आहे. बोट चेमटण्याची भीती वेगळीच. तार टिपमधून बाहेर येते की नाही हे पाहण्यासाठी टॉर्च तळहाताकडे किंवा चेहऱ्याकडे धरण्याची सवयही जागोजागी दिसते. मिनिटाला ८ मीटर म्हणजे सेकंदाला १३ सेंटीमीटर. एवढ्या वेगाने येणारी तार तळहातात शिरायला सेकंदाचा छोटा अंशही पुरतो.

आपल्याकडे ‘अर्थ’ या शब्दाने एक घोटाळा करून ठेवला आहे. जॉबला लावायच्या क्लॅम्पला सगळे अर्थ म्हणतात, पण तो वेल्डिंगचा प्रवाह यंत्राकडे परत नेणारा मार्ग आहे, सुरक्षेची अर्थिंग नव्हे. यंत्राच्या धातूच्या पेटीला जोडलेली, इमारतीच्या अर्थिंगपर्यंत जाणारी तार वेगळी असते. ४१५ व्होल्टच्या तीन फेजपैकी एखाद्या फेजचा पेटीला स्पर्श झाला, तर फ्यूज उडवून माणसाला वाचवणारी तार ती. क्लॅम्प घट्ट बसला आहे म्हणून ही दुसरी तार नसली तरी चालते, असे समजणारे बरेच आहेत. क्लॅम्प जॉबवरच आणि जोडाच्या जवळ लावावा, हे सांगण्यामागेही कारण आहे. तो दूर कोठेतरी शेडच्या खांबाला लावला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती वाट धरतो. ती वाट मोटरच्या बेअरिंगमधून, क्रेनच्या साखळीतून किंवा शेजारच्या यंत्राच्या अर्थिंगमधून जाऊ शकते, आणि मग बेअरिंग खराब कशाने झाले हे कोणालाच उमगत नाही. पावसाळ्यात घामेजलेले हातमोजे आणि ओली फरशी असताना त्वचेचा रोध खूप घटतो. कोकणातील शेडमध्ये कोरडे हातमोजे आणि पायाखाली रबरी चटई यांना म्हणूनच अधिक महत्त्व आहे.

आर्कचा प्रकाश हा सर्वांत परिचित, तरीही सर्वांत गैरसमजांनी वेढलेला धोका आहे. आर्कचे तापमान ५,००० ते ६,००० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीचे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक पट्टा वातावरणातच शोषला जातो. वेल्डर आणि आर्क यांच्यामध्ये मात्र हातभर हवेखेरीज काही नसते. हे किरण बुबुळाच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्यातील पेशींमध्ये शोषले जातात. त्या पेशी लगेच मरत नाहीत. काही तासांनी त्या गळून पडतात, त्यांच्याखालची मज्जातंतूंची टोके उघडी पडतात आणि मग डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. दुपारी आर्क लागलेला माणूस मध्यरात्री कळवळून उठतो, तो या सहा ते बारा तासांच्या अंतरामुळे. इजा होत असताना काहीच दुखत नसल्याने ‘एक-दोन टॅक (तात्पुरते छोटे टाके) तर मारायचे आहेत’ म्हणून डोळे मिटून ट्रिगर दाबणाऱ्याला आपले चुकते आहे असे वाटतच नाही.

बटाट्याचे काप आणि थंड पाण्याच्या घड्या यांनी थोडे बरे वाटते आणि एक-दोन दिवसांत पेशी आपोआप भरून येतात, त्यामुळे श्रेय बटाट्याला मिळते. खरी चिंता औषधाच्या दुकानातून मिळवलेल्या, डोळा बधिर करणाऱ्या थेंबांची आहे. त्यांनी वेदना क्षणात थांबते, पण पेशी भरून येण्याची क्रियाही मंदावते, आणि ते थेंब वारंवार घालणाऱ्याच्या बुबुळावर कायमचे व्रण पडू शकतात. दुखणे दोन दिवसांपलीकडे गेले किंवा दिसणे अंधूक झाले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जायला हवे.

सीओटूचा आर्क त्याच प्रवाहावरच्या रॉडच्या आर्कपेक्षा प्रखर दिसतो, कारण तो झाकायला रॉडइतका दाट धूर नसतो. साधारण १६० अँपिअरपर्यंत ११ क्रमांकाची, २५० पर्यंत १२ ची आणि त्यापुढे आणखी गडद काच वापरावी, १० पेक्षा फिकी कधीच नको. आपोआप काळे होणारे हेल्मेट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात गडद होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यातील गाळणी अतिनील किरण काच फिकी असतानाही अडवते. डोळ्यांना अधिक वेळा आर्क लागतो तो मात्र जॉब धरून उभ्या राहिलेल्या हेल्परला. वेल्डरला काच मिळते, हेल्परला ‘तिकडे बघ’ एवढी सूचना मिळते, आणि पांढऱ्या भिंतीवरून किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून परतलेला प्रकाश त्याला तिकडेही गाठतो. अंगावर जाड सुती कपडे हवेत. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते.

धुराकडे वळले की एक खरीखुरी कोंडी समोर येते. वितळत्या धातूभोवती वायूचे जे कवच असते, ते सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाच्या वाऱ्याने मोडते आणि जोडात छिद्रे पडतात. मालक म्हणून पंखा बंद करायला सांगतो आणि वेल्डर धुरात बसतो. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे हवा फुंकण्याऐवजी ओढून घेणे: आर्कपासून थोड्या अंतरावर शोषक नळीचे तोंड ठेवले, तर कवच शाबूत राहते आणि धूर निघून जातो. तेही नसेल तर निदान वर चढणारा धुराचा लोट आपल्या चेहऱ्याच्या आणि जॉबच्या मधून जाणार नाही, असे बसावे. जॉबवर ओणवे झालेल्या वेल्डरच्या हेल्मेटखाली हाच लोट साठतो. या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहून बारीक असतात आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला ‘शक्यता’ या पायरीवरून उचलून, माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले. तोंडावर बांधलेला रुमाल असे कण अडवत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क ते बऱ्याच अंशी अडवतो, पण वायू अडवत नाही.

जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपांचे काम ग्रिलच्या दुकानांत नित्याचे आहे. पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते. जोड लागण्याआधीच जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर उठतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. अनेकांना हा ताप साथीचा वाटतो. यावर दूध प्यायचा किंवा गूळ खायचा सल्ला शेडमध्ये हमखास मिळतो. दूध पोटात जाते आणि जस्त फुप्फुसात गेलेले असते, एवढे लक्षात घेतले तर त्याचा उपयोग किती हे सांगायला नको. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी ग्राइंडरने घासून काढणे, हा उपाय खरा. तेलकट जॉब क्लोरिनयुक्त द्रावकाने पुसून लगेच वेल्डिंगला घेणे याहून घातक, कारण त्याची वाफ आर्कच्या किरणांत विघटित होऊन फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो. त्याचाही परिणाम काही तासांनी दिसतो.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो. २० अंशांना आतला दाब सुमारे ५७ बार असतो आणि द्रव संपेपर्यंत तो जवळजवळ तितकाच राहतो, म्हणून गेज पाहून वायू किती उरला हे कळत नाही; सिलेंडर वजन करूनच पाहावा लागतो. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात ४५ अंशांना तापलेल्या भरल्या सिलेंडरमधील दाब १०० बारच्या पुढे जातो, तो यामुळे. देशातील गॅस सिलेंडर नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, हा योगायोग. सिलेंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला हवा.

आगीविषयी थोडक्यात. ठिणग्या दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि फटीत शिरलेला थेंब बराच वेळ धुमसत राहतो. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वरच्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू असताना वितळलेला धातू खाली छतातल्या फोमवर पडला आणि त्या आगीत १७ जण मृत्युमुखी पडले. काम संपल्यावर तासभर कोणीतरी जागेवर थांबून लक्ष ठेवावे, असे सुरक्षेचे नियम सांगतात ते यासाठी. डिझेलचे रिकामे पिंप धुतल्याशिवाय टॉर्चखाली घेऊच नये. आत उरलेली वाफ द्रवापेक्षा भयंकर असते.

सर्वांत मोठा धोका बंदिस्त जागेत असतो, आणि तो यंत्र बंद असतानाही असतो. समजा, दोन घनमीटरच्या टाकीत काम चालू आहे. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च आतच राहिली आणि वायूचा व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला. मिनिटाला १५ लिटर या वेगाने तासाभरात ९०० लिटर वायू टाकीत जाईल. तो हवेत पूर्ण मिसळला असे धरले, तरी टाकीतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक जागा त्याने व्यापलेली असेल आणि ऑक्सिजन २०.९ वरून १३ टक्क्यांवर उतरलेला असेल. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने तळाशी स्थिती याहून वाईट असते. कार्बन डायऑक्साइड असेल तर निदान धाप लागते, डोके ठणकते, पण इतक्या प्रमाणात तो काही क्षणांत बेशुद्ध करतो. आर्गॉन तर काहीच सुचवत नाही. श्वास कोंडल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. आर्गॉन श्वासात घेणारा माणूस नेहमीसारखाच उच्छ्वास टाकत असतो आणि कसलाही गुदमर न होता कोसळतो. त्याला काढायला खाली उतरलेला दुसराही तसाच पडतो. विहिरी आणि सेप्टिक टाक्यांच्या बातम्यांत हेच वारंवार वाचायला मिळते. म्हणून टाकीतल्या माणसाच्या कमरेचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात असावा. सुट्टी होताच टॉर्च बाहेर काढून सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. परत उतरण्यापूर्वी ऑक्सिजनचा मीटर दोरीने थेट तळापर्यंत सोडावा, तोंडाशी २०.९ दाखवणारा मीटर तळाशी १३ दाखवू शकतो.